सूत्रधाराची तार

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा खेळाचा सगळा कारभार ज्याच्या हाती असे तो सूत्रधार प्रेक्षकांच्या देखत रंगमंचावरच उभा असे. कथानक तो पदांतून गात जाई आणि त्याच्या गाण्यावरून पात्रे आपापली वेळ ओळखीत. इशारत देणारा आणि ती पाळणारा या दोघांमध्ये चार पावलांचे अंतर असल्यामुळे निरोप पोहोचवण्याचा प्रश्नच त्या काळी उद्भवत नव्हता. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ उभे केले, संगीत नाटकाचे युग सुरू झाले, सूत्रधार नांदीपुरता आणि प्रवेशापुरता उरला, आणि नाटक चालवण्याची खरी मुखत्यारी हळूहळू विंगेच्या आड गेली. तरीसुद्धा पडदा ओढणारा, प्रॉम्प्टर आणि सामान लावणारे गडी ही सारी मंडळी एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात होती, म्हणून हाताची एक खूण किंवा दबक्या आवाजातला एक शब्द पुरेसा होई.

हा मेळ मोडला तो विजेने. दिव्यांची तीव्रता कमीअधिक करणारी यंत्रणा आली, पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रित होऊन वाजू लागले, आणि ज्यांना रंगमंच प्रेक्षकांच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपले काम करताच येत नाही असे प्रकाशचालक आणि ध्वनिचालक प्रेक्षागृहाच्या पार मागच्या खोलीत जाऊन बसले. रंगमंच व्यवस्थापक विंगेत, पडद्याचा दोर दुसऱ्या विंगेत, दिवे आणि संगीत शेवटच्या रांगेच्याही पलीकडे, मेकअप रूम मागच्या बोळात, आणि या सर्वांच्या मधोमध तिकीट काढून बसलेले हजारभर लोक, ज्यांच्या कानी या कारभारातला एक शब्दही पडता कामा नये. नाटकाच्या सूत्रधाराच्या हातातून सुटलेले सूत्र पुन्हा त्याच्या हाती देण्याचे काम ज्या साधनाने केले, त्याचे नाव तारेचा बहुचॅनेली इंटरकॉम. त्याची बांधणी आणि वहिवाट हा या प्रकरणाचा विषय आहे.

टेलिफोन हे या कामाचे साधन नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. टेलिफोन दोघांचा असतो. एकाने घंटी वाजवावी, दुसऱ्याने उचलावे, बोलणे आटोपले की ठेवून द्यावे. नाटकात मात्र एकाची आज्ञा पाचांनी एकाच क्षणी ऐकावी लागते, आणि त्या पाचांपैकी कोणालाही मध्येच ‘थांबा, खुर्ची अजून हलली नाही’ असे सांगण्याची मोकळीक असावी लागते. याच्या जातीचा जवळचा नातलग शोधायचा झाला तर तो आपल्या रेल्वेत सापडतो. तेथे सेक्शन कंट्रोलरच्या तारेवर मार्गावरची सारी स्टेशने एकाच वेळी जोडलेली असत, एका स्टेशन मास्तराचे बोलणे दुसऱ्याला ऐकू येई, आणि त्या एकत्र ऐकण्यातूनच गाड्यांचा मेळ बसे. रंगमंचाचा इंटरकॉम म्हणजे हीच सामाईक तार, प्रेक्षागृहाच्या चार भिंतींत आणलेली.

२६ जून १९६८ रोजी पुण्यात मुठेच्या काठी बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे बॉब कोहेन आणि चार्ली बटन या दोघांनी क्लिअर-कॉम नावाची कंपनी काढली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण ज्या काळात आपल्याकडे मोठी आणि सुसज्ज नाट्यगृहे उभी राहत होती, त्याच काळात ती चालवण्याचे साधनही जगाच्या दुसऱ्या टोकाला आकार घेत होते, हे मला लक्षणीय वाटते. कोहेन हे तेथील अ‍ॅव्हलॉन बॉलरूम या जलशांच्या सभागृहात ध्वनीची व्यवस्था पाहत. रॉक संगीताच्या प्रचंड गदारोळात टेलिफोनच्या धाटणीचे जुने हेडसेट निरुपयोगी ठरत, कारण त्यांतला क्षीण आवाज कानापाशी येईपर्यंत बाहेरच्या कल्लोळात बुडून जाई. यावर त्यांनी जी तजवीज केली ती तत्त्वतः साधी होती: आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर एका मध्यवर्ती ठिकाणी न ठेवता प्रत्येक माणसाच्या कमरेला लटकणाऱ्या पेटीतच एकेक बसवून दिला. तारेवरून आवाज बेताचाच यावा, आणि तो आपल्या कानाला हवा तितका प्रत्येकाने आपल्यापाशी वाढवून घ्यावा.

ती पेटी एकदा हातात घेऊन पाहावी. तळहातात मावेल एवढी, धातूची, पाठीला पट्ट्यात अडकवायची चिमटी. एका अंगाला तीन टाचण्यांचा कनेक्टर, ज्यातून व्यवस्थापकापाशी असलेल्या मुख्य ठाण्याची तार येते. शेजारी तशीच दुसरी जागा, ज्यातून तीच तार पुढच्या माणसाकडे जाते. आणि चार टाचण्यांची एक जागा हेडसेटसाठी. वर एक फिरवायची कळ आवाजासाठी, एक बटण बोलण्यासाठी, एक बटण बोलावण्यासाठी आणि एक दिवा. बस्स, एवढेच. आतील तीन तारांचा हिशेबही तितकाच सुबोध आहे. पहिल्या टाचणीवर सामाईक परतीची तार, जी केबलच्या जाळीशी जोडलेली असते. दुसरीवर मुख्य ठाण्याकडून येणारा सुमारे ३० व्होल्टचा एकदिश वीजदाब, ज्यावर सगळ्या पेट्या चालतात. आणि तिसरीवर सर्वांचा आवाज, दोन्ही दिशांनी, एकाच तारेवर. बोलावण्याचे बटण दाबले की त्याच तिसऱ्या तारेवर एकदिश दाब चढतो आणि त्या चॅनेलवरच्या सगळ्या पेट्यांचे दिवे एकदम लागतात. एखाद्याने हेडसेट काढून ठेवला असेल, तर कानाने नाही तरी डोळ्याने त्याला हाक पोहोचते. पेट्यांत बॅटरी नाही, म्हणून ऐन तिसऱ्या अंकात ती संपण्याची धास्तीही नाही.

आता बांधणीकडे वळू. पुष्कळ मंडळी केबल सोडण्यापासून आरंभ करतात. माझ्या मते ती मुळातली चूक आहे. इंटरकॉम बसवणे हे विजेचे काम होण्यापूर्वी कारभाराचे काम असते. कोणी कोणाला हुकूम द्यायचा, कोणाच्या बोलण्याशी कोणाला कर्तव्य नाही, आणि कोणाला दोन्हीकडचे ऐकणे भाग आहे, याचा खुलासा आधी कागदावर झाला पाहिजे, कारण चॅनेल म्हणजे दुसरे काही नसून माणसांची वाटणी आहे. दोन अंकी कौटुंबिक नाटकाला, ज्यात एक व्यवस्थापक, एक प्रकाशचालक, एक ध्वनिचालक आणि पडद्यावरचा एक माणूस असतो, एक चॅनेल पुरते आणि दोन चॅनेले ही चैन ठरते. परंतु नृत्यनाट्य किंवा मोठा संगीत प्रयोग असेल, दिव्यांचा चालक आपल्या फॉलो स्पॉटच्या, म्हणजे नटाच्या पाठोपाठ फिरवायच्या झोताच्या, दोन पोरांना ‘डावीकडून घे, कमरेपर्यंत ठेव’ असे अखंड सांगत असेल, तर ती बडबड व्यवस्थापकाच्या कानात शिरू देणे म्हणजे त्याचे चित्त विचलित करणे होय. तेथे दिव्यांना स्वतंत्र चॅनेल द्यावे. ध्वनीच्या मंडळींना, ज्यांना कलावंतांच्या मायक्रोफोनविषयी आपसात बोलायचे असते, दुसरे द्यावे. दरवाजा, तिकीटखिडकी आणि मेकअप रूम यांना तिसरे. आणि मुख्य चॅनेल आज्ञेसाठी राखून ठेवावे, ज्यावर व्यवस्थापक आणि प्रत्येक विभागाचा एकेक जबाबदार माणूस एवढेच असतील. व्यवस्थापकाच्या पुढ्यातल्या मुख्य ठाण्यावर सर्व चॅनेलांच्या कळा असतात. तो हवे ते ऐकतो, हवे त्यावर बोलतो, आणि प्रसंगी सर्वांवर एकदम बोलतो. दिव्यांच्या मुख्य चालकाला मात्र दुहेरी पेटी द्यावी, कारण तो वरचा हुकूम घेणारा आणि खाली हुकूम देणारा असा दोन्ही आहे.

वाटणी ठरली की तारा. साधी दोन तारांची आणि जाळी असलेली मायक्रोफोनची केबल या कामाला चालते, आणि पेटीतून पेटीत अशी साखळी करता येते. पण जेथे फाटा फोडणे शक्य असेल तेथे मुख्य ठाण्यापासून प्रत्येक दिशेला स्वतंत्र केबल न्यावी, म्हणजे एका ठिकाणचा सांधा निखळला तर त्याच्या पुढची सारी रांग मुकी होणार नाही. केबल जितकी लांब आणि बारीक, तितका शेवटच्या पेटीपर्यंत पोहोचणारा वीजदाब कमी. म्हणून लांबच्या टोकाला एकापेक्षा अधिक पेट्या लावायच्या असतील तर जाड तारेची केबल घ्यावी. बाजारात आरटीएस नावाची आणखी एक पद्धती आहे, जिच्यात एकाच केबलीतून दोन चॅनेले जातात. कनेक्टर दिसायला तोच, पण आतल्या टाचण्यांचा अर्थ निराळा, तेव्हा भाड्याने आणलेले सामान जोडण्यापूर्वी ते कोणत्या घराण्याचे आहे याची खात्री करून घ्यावी.

सर्वांत जास्त गोंधळ ज्या एका लहानशा गोष्टीने होतो, ती म्हणजे तारेच्या अखेरचा रोध, ज्याला कारागीर ‘टर्मिनेशन’ म्हणतात. प्रत्येक चॅनेलच्या आवाजाच्या तारेवर सुमारे २०० ओहमचा एक रोध असावा लागतो, आणि तो बहुधा मुख्य ठाण्यातच बसवलेला असतो. बोलणाऱ्याची पेटी त्याचा आवाज विद्युत्प्रवाहाच्या रूपाने तारेत सोडते, त्या प्रवाहामुळे या रोधावर दाब निर्माण होतो, आणि तो दाब बाकीच्या पेट्या ऐकतात. पेट्या स्वतः तारेवर जवळजवळ भार टाकत नाहीत, म्हणून पाच असोत वा पंधरा, आवाज तेवढाच राहतो. पण रोध एकच असला पाहिजे. तो नसेल, तर आवाज अनावर वाढतो आणि हेडसेटांतून शीळ घुमू लागते. आणि कोणी दुसरे मुख्य ठाणे आणून त्याच तारेला जोडले व त्यातलाही रोध चालू राहिला, तर दोघे मिळून १०० ओहम होतात, दाब निम्म्यावर येतो, आणि सगळे एकमेकांना ‘जरा मोठ्याने बोला’ असे सांगू लागतात. कळा कितीही फिरवल्या तरी हे दुखणे हटत नाही. एक रोध बंद केला की क्षणात हटते.

जोडणी झाल्यावर एकदम सर्व पेट्या लावू नयेत. प्रथम रिकाम्या तारेवर मुख्य ठाणे सुरू करावे आणि हेडसेट लावून नुसते ऐकावे. शांतता असेल तर एक पेटी लावावी, तिच्यावरून बोलून पाहावे, मग दुसरी. दोष कोणत्या जोडणीबरोबर शिरला हे अशाने आपोआप कळते. प्रत्येक पेटीत स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात किती यावा हे ठरवणारा एक बारीक स्क्रू असतो. तोही याच वेळी बसवून घ्यावा. स्वतःचा आवाज अजिबात येत नसेल तर माणूस नकळत ओरडून बोलतो, आणि फार येत असेल तर दबून पुटपुटतो, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिले आहे.

तारेत शिरणाऱ्या गुणगुणीविषयी मात्र जरा विस्ताराने लिहिणे मला भाग आहे, कारण तिने एकदा माझी एक अख्खी रात्र घेतली. एका तालुक्याच्या गावी आमचा प्रयोग होता. नाट्यगृह चांगले होते, दुपारी इंटरकॉम लावून पाहिला तेव्हा आवाज काचेसारखा स्वच्छ होता, आणि संध्याकाळी दिव्यांची तालीम सुरू होताच हेडसेटमध्ये एक भुंगा शिरला. दिवे पूर्ण विझलेले असले की भुंगा नाही. पूर्ण लागलेले असले की अगदी अल्प. पण संथ फेड सुरू झाला आणि दिवे निम्म्यावर आले की तो असा गर्जे की माझा शब्द मागच्या खोलीतल्या माणसाला कळेना. आम्ही पेट्या बदलल्या, हेडसेट बदलले, मुख्य ठाणे उघडून पाहिले. अखेर मध्यरात्रीच्या सुमारास मी केबलच्या वाटेने टॉर्च घेऊन चालत गेलो, तेव्हा असे दिसले की ती मोकळी लोंबू नये म्हणून कोणा व्यवस्थित हाताने डिमरपासून दिव्यांकडे जाणाऱ्या जाड केबलींबरोबर तिचा एक नेटका जुडगा बांधून टाकला होता, तोही चांगला चाळीस फूट. डिमर विजेची प्रत्येक लाट मध्येच कापून दिवा मंद करतो; दिवा निम्म्यावर असताना ही काप लाटेच्या माथ्यावर पडते आणि तेव्हाच तारेतून सर्वांत कर्कश गुंजन बाहेर फेकले जाते. आम्ही दोऱ्या तोडल्या, आमची केबल दुसऱ्या भिंतीने नेली, जेथे ओलांडणे अटळ होते तेथे काटकोनात ओलांडली, आणि भुंगा निघून गेला. त्या दिवसापासून मी दिव्यांच्या केबली कोठून जातात हे विचारल्याखेरीज इंटरकॉमची एक वीतही तार सोडत नाही. याच जातीचा दुसरा दोष कनेक्टरमध्ये असतो: पहिली टाचणी आणि कनेक्टरचे धातूचे कवच कोणी आत जोडून ठेवले, तर ते कवच लोखंडी चौकटीला टेकताच जमिनीकडे जाणारी दुसरी वाट तयार होते आणि ५० हर्ट्‌झची गुणगुण सुरू होते. ती दोन्ही वेगळीच ठेवावीत.

यंत्र नीट बसले म्हणजे काम निम्मे झाले. उरलेले निम्मे जिभेचे आहे. न बोलणाऱ्याने आपला मायक्रोफोन बंद ठेवावा, हा या दरबाराचा पहिला दस्तुर. एक उघडा मायक्रोफोन विंगेतल्या पावलांचा आणि रंगमंचावरच्या संवादांचा सारा आवाज सर्वांच्या कानात ओततो. दुसरे, बोलावणे आधी आणि मजकूर मागाहून: ‘लाइट्स’ म्हणून थांबावे, ‘हां, लाइट्स’ असे उत्तर आल्यावर पुढचे सांगावे. तिसरे, प्रत्येक आज्ञेचे दोन भाग करावेत. पहिला सावध करणारा, ‘लाइट्स चौदा, साउंड सहा, तयार’. दुसरा करवून घेणारा, आणि त्यात फक्त एक शब्द, ‘गो’. हा शब्द प्रयोग चालू असताना दुसऱ्या कोणत्याही कामासाठी उच्चारू नये, कारण बोट बटणावर ठेवून बसलेल्या माणसाचा कान त्या एका अक्षराचीच वाट पाहत असतो.

क्रमांकांच्या बाबतीत आपल्या भाषेची एक खास अडचण आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. यांचे आरंभ सारखे, आणि भेद दाखवणारा शेवट नेमका श्वासाबरोबर दबणारा. हेडसेटमध्ये, तेही टाळ्यांच्या गजरात, ‘एकोण’ तेवढे ऐकू येते. म्हणून दोन आकडी क्यू, म्हणजे आज्ञांचे क्रमांक, सुटे सांगावेत: ‘दोन-नऊ’, ‘तीन-नऊ’, ‘पाच-तीन’. ही सवय लावून घेतलेल्या संचात चुकीचा दिवा पेटलेला मी क्वचितच पाहिला आहे. ज्यांना हेडसेट घालताच येत नाही, उदाहरणार्थ प्रवेशाच्या तयारीत उभा असलेला नट, त्यांच्यासाठी विंगेत क्यूचा दिवा असावा. इंग्लंडात लाल म्हणजे तयार आणि हिरवा म्हणजे निघा अशी वहिवाट आहे. अमेरिकेत दिवा लागला म्हणजे तयार आणि विझला म्हणजे निघा. कोणतीही घ्यावी, पण संचात एकच असावी आणि ती पहिल्या तालमीला सर्वांना सांगितलेली असावी.

अलीकडे वायरलेस संच सुलभ झाले आहेत, आणि रंगमंचभर फिरणाऱ्या व्यवस्थापकाला किंवा सामान हलवणाऱ्याला त्यांचा मोठा उपयोग आहे, हे मी मनःपूर्वक मान्य करतो. मोबाइलवर सामुदायिक कॉल लावून प्रयोग भागवणारेही भेटतात; त्यांना एवढेच सांगणे आहे की मोबाइलवर शब्द पोहोचायला जो किंचित विलंब लागतो, तोच पडदा आणि संगीत यांचा मेळ मोडायला पुरेसा असतो. तारेवर हा विलंब नाही, तिला चार्ज करावे लागत नाही, आणि शेजारच्या सभागृहातल्या लग्नाचा मायक्रोफोन तिच्यात शिरत नाही. जो माणूस प्रयोगभर एका जागी बसणार आहे, त्याला तार द्यावी; जो चालणार आहे, त्याला वायरलेस द्यावे.

गावोगावी जुनी नाट्यगृहे दुरुस्तीस निघत आहेत आणि नवी बांधली जात आहेत. ज्यांच्या हाती या कामाचे नकाशे आणि अंदाजपत्रके आहेत, त्या अभियंत्यांना आणि नगरपालिकांच्या कारभाऱ्यांना माझी विनंती आहे की, भिंतींचा गिलावा होण्यापूर्वी दोन्ही विंगांपासून मागच्या नियंत्रण खोलीपर्यंत आणि मेकअप रूमपर्यंत एक स्वतंत्र नळी टाकून ठेवावी, ती डिमरच्या केबलींपासून दूर असावी, आणि तिच्यात निदान चार चॅनेलांच्या केबली जातील एवढी जागा असावी. एकूण बांधकामाच्या मानाने हा खर्च अल्प आहे, आणि गिलावा झाल्यावर तो करता येत नाही.